दारचा पारिजातक

ग्यानोबाला चहाची कपबशी धरता येईना, तेव्हा पद्माबाईनं चहा ताटलीत ओतला आणि ताटली त्याच्या ओठाला लावली. ताप येऊन गेला होता, पण जाता जाता अंगातला एकेक सांधा आवळून गेला होता. मनगटं सुजलेली, बोटं मिटत नव्हती. बाजेवरून उठायचं तर आधी कुशीवर वळायचं, मग कोपर टेकायचं, मग बायकोला हाक मारायची. हळदीच्या हंगामात दिवसभर शिजलेल्या हळदीची घमेली उचलणारा माणूस, आता सदऱ्याची गुंडी लावायला दुसऱ्याची वाट बघत होता.

"तोंड भाजलं," तो म्हणाला.

"फुकून पेत जा मंग."

"फुकाया बी जोर लागतो."

उंबऱ्यात विळ्याला कानस मारत बसलेली पल्लवी हसली. ही त्यांची सून. तिचा नवरा बंटी पुण्याकडं कंपनीत होता, दिवाळीला यायचा होता. तोवर घरात धडधाकट अशा ह्या दोघीच, सासू आणि सून.

कुरुंद्याच्या अलीकडचं ते गाव. सगळ्या गावाचीच ही गत झाली होती. दवाखान्यात ह्या तापाला चिकनगुन्या म्हणत, गावात लंगडा ताप म्हणत. नेमकं सोयाबीन काढणीला आलं आणि काढणारी माणसं भिंती धरून चालायला लागली. रानात शेंगा वाळून चालल्या होत्या. दुपारच्या उन्हात कान दिला तर तडतड तडकताना ऐकू यायच्या.

पद्माबाईच्या दारात पारिजातक होता. लग्नानंतर दोनचार वर्षांनी औंढ्याच्या यात्रेतून तिनं रोप आणून लावलेला. रात्रीतून फुलायचा, पहाटे दारात पांढऱ्या पाकळ्यांचा आणि केशरी देठांचा सडा पडायचा. घरच्या बुद्धमूर्तीपुढं त्यातली ओंजळभर फुलं जायची. बाकीची गावातल्या बायका वेचून न्यायच्या, मारुतीला, महादेवाला. भुईवर पडलेलं फूल कुणाच्या दारातलं हे देवाला कुणी सांगत नव्हतं. पाल्याला मात्र ह्या सालापर्यंत कुणी विचारलं नव्हतं. त्याचा काढा सांध्याला चांगला, हे जुन्या बायांना ठाऊक होतं. यंदा कुणाच्या तरी मोबाइलवर एका वैद्यानंही तेच सांगितलं, आणि मग उजाडलं की दारात माणसं. कुणी काठी टेकत, कुणी लेकाच्या खांद्यावर हात ठेवून. पद्माबाई खालच्या फांद्यांचा पाला तोडून द्यायची. हाताच्या उंचीपर्यंत झाड उघडं पडलं होतं.

त्या सकाळी गोदाबाई आली. ती अमृतरावांची बायको. अमृतराव गावातले मोठे बागायतदार, त्यांच्याच रानात पद्माबाई आणि पल्लवी सोयाबीन काढायला जात होत्या. गोदाबाईचा पाय ह्या गल्लीत, गाव नगर म्हणायचं त्या बौद्धवस्तीत, कधी पडलेला नव्हता. ती अंगणाच्या बुटक्या भिंतीबाहेर उभी राहिली, डोईवरचा पदर दातांत धरून.

"पद्माबाई, घरात समदेच पडलेत. ह्यांचं जरा बरं हाय. म्हाताऱ्या सासऱ्याला लई तकलीफ हाय."

"पाला देऊ का?"

"पाला नेऊन उकळू कवा? मलाच उभं राहवंना झालंय. तूच उकळून दे."

पद्माबाईला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"आमच्या चुलीवर?"

"म्हाताऱ्याला म्हणते, कुरुंद्याच्या वैद्याकडून आणला. कोण बघून राहिलंय?"

पद्माबाईनं पानं धुतली, पाट्यावर ठेचली, पाणी निम्मं होईस्तोवर आटवलं, फडक्यातून गाळलं. गोदाबाईनं आणलेला तांब्या भिंतीवर ठेवला आणि दोन पावलं मागं सरली. पद्माबाईनं तांब्याला भांडं लागणार नाही असं वरून काढा ओतला. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. हात आपोआपच तेवढा वर गेला.

"बाई, हे सांध्याला हाय. ताप असंल तर दवाखाना करा."

"मी सांगून दमले," गोदाबाई म्हणाली. तिनं तांब्या पदराखाली झाकला आणि भिंतीच्या कडेकडेनं निघून गेली.

अमृतरावांच्या रानात त्या दिवशी मोजकी माणसं आली होती. पद्माबाई पुढं आणि पल्लवी मागं, दोघींनी पात धरली. वाकून डाव्या हातात झाडाचा बुडखा धरायचा, विळा ओढायचा, मूठ भरली की बाजूला ठेवायची. शेंगांची टोकं सुईसारखी टोचत, बोटांच्या पेरांतून रक्त यायचं आणि लगेच धुळीत वाळायचं. पलीकडच्या वावरात हळद कमरेच्या वर उभी होती, हिरवीगार, तिच्यातून ओलसर वारा यायचा तेवढाच गारवा.

अमृतराव बांधावर डोईला उपरणं गुंडाळून उभे होते. आभाळाकडं बघत, मग मोबाइलकडं बघत.

"पद्मा, हात चालवा. उद्या मशीन येऊन राहिली. मोहनसिंगचा नंबर गेला तर मंग आठ दिवस येत न्हाई तो."

मोहनसिंग तांड्यावरचा. मळणीचं मशीन त्याचं, आणि सध्या सगळ्या शिवाराचा देव तोच होता.

"आबाचं कसं हाय, मालक?" पद्माबाईनं विचारलं. दगडोबाला, अमृतरावांच्या बापाला, गाव आबा म्हणायचं.

"वय झालं आता. मशीन झाली की वसमतला नेतो."

दुसऱ्या दिवशी मशीन आली. गंजीवरची ताडपत्री निघाली, आणि दिवसभर भुसा उडत राहिला. बायकांनी तोंडाला फडकी बांधली, पापण्यांवर पिवळी धूळ बसली. मशीन गंजी खात होती, एका बाजूनं दाणे सांडत होती, तिच्या आवाजात बाजूच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नव्हतं. म्हणून गावातून पळत आलेला माणूस अमृतरावांजवळ जाऊन कानात काहीतरी बोलला, हे पद्माबाईनं फक्त पाहिलं. अमृतराव खाली बसले. मोहनसिंगनं मशीन बंद केली. तेव्हा गावाकडून रडणं आलं.

दगडोबा गेला होता.

सगळे गेले तशी पद्माबाईही गेली. वाड्यापुढं, रस्त्याच्या पलीकडं, तिच्या लोकांनी उभं राहायची जागा ठरलेली होती, तिथं उभी राहिली. तिला खरंच वाईट वाटत होतं. म्हाताऱ्याच्या हाताखाली तिची सारी उमर गेली होती. शिव्या द्यायचा, पण शेतात भाकर खायला बसू द्यायचा. ओसरीवर माणसं गोळा झाली होती. पाहुण्यांपैकी कुणीतरी विचारलं, "दवाखान्यात काहून नेलं न्हाई?"

"ताप उतरला व्हता की," अमृतरावांचा आवाज आला. "काल त्यो काढा आणला. तवापासून बिघडलं."

"कसला काढा?"

"नगरातून. पद्मीच्या घरून."

एकेक मान वळली. पद्माबाईला वाटलं, आपल्यामागं कुणीतरी असेल. तिनं मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं.

पल्लवीनं तिचा दंड धरून तिला घरी आणलं. पद्माबाई बाजेच्या पायाला टेकून बसली. वाड्यापुढं काय झालं ते पल्लवीनंच ग्यानोबाला सांगितलं.

"येडे झाले काय? अर्ध्या गावानं पेला की," ग्यानोबा म्हणाला.

"म्हणूनच कोनी खरं मानणार न्हाई," पद्माबाई म्हणाली. हा भरवसा तिला सकाळपर्यंत पुरला.

सकाळी सड्याची फुलं अजून वेचायची होती. पद्माबाई अंगणात हंडा घासत होती. अमृतराव आले, त्यांच्याबरोबर भावकीतला नागोराव आणि आणखी एक जण. नागोरावाच्या हातात कुऱ्हाड होती. चार दिवसांपूर्वी हाच नागोराव भिंतीबाहेर उभा राहून बायकोसाठी पाला घेऊन गेला होता. त्याची स्वतःची मनगटं अजून फुगलेली होती.

कुणी काही विचारलं नाही. भिंतीवरून आत आले. ज्या अंगणात त्यांच्या घरच्यांनी कधी पाय टाकला नव्हता, त्या अंगणात तिघेही चपला घालून फुलांवरून चालत गेले, आणि नागोरावानं पहिला घाव घातला.

पद्माबाईच्या हातात राखेनं भरलेला काथ्या होता. तो तिनं खाली ठेवला नाही. घाव पडला की वरची उरलेली फुलं गळत होती, नागोरावाच्या खांद्यावर, अमृतरावांच्या ताज्या भादरलेल्या डोक्यावर. तिला एकाएकी वाटलं, ह्यांना सांगावं की बाजूला व्हा, डोक्यावर फुलं पडून राहिलीत. तेवढंच सुचलं. दुसरं काही सुचेना.

ग्यानोबा बाजेवरून उठायला गेला. कुशीवर वळला, कोपर टेकलं, आणि बायकोला हाक मारायची ती न मारता एकटाच उठायला गेला. दारात गुडघ्यावर आदळला. तिथूनच बोलला, "मालक, झाड काहून तोडता? झाडानं काय केलं?"

"बाप खाल्ला माझा," अमृतराव म्हणाले. ते ग्यानोबाकडं बघत नव्हते. पद्माबाईकडंही नाही. नजर पूर्ण वेळ बुंध्यावर.

पल्लवी मोबाइल धरून उभी होती. "घेऊन राहिले मी समदं. ठाण्यात दाखवते," ती म्हणाली. मोबाइल तिनं खाली आणला नाही.

"दाखव," तिसरा म्हणाला.

झाड फार जाड नव्हतं. लवकरच भिंतीवर आडवं झालं. नागोरावाला कुऱ्हाडीच्या दांड्यावरून बोटं सोडवता येईनात, एकेक बोट दुसऱ्या हातानं उलगडावं लागलं. मग ते आले तसे गेले.

अंगणात एकदम उजेड पडला. जिथं इतकी वर्षं सावली होती तिथं ऊन आलं, चुलीपर्यंत. पद्माबाईनं काथ्या हंड्यात टाकला आणि हंडा घासायला घेतला. घासलेलाच हंडा पुन्हा घासत राहिली. पल्लवीनं तो हातातून काढून घेतला, तेव्हा तिला कळलं की आपण हंडा घासत होतो.

"आत्या, चला ठाण्यात," पल्लवी म्हणाली. "घरात घुसून झाड तोडलं, आळ घेतला. आपण गप काहून बसायचं? ह्यांना मी फोन केलाय, ते बी म्हणले, तक्रार द्या."

"थांब."

"कशाला थांबू?"

"मला आधी कळू दे."

"काय कळायचं?"

हंडा घासताना पद्माबाईच्या डोक्यात एकच चाललं होतं. पानं धुतली होती का? धुतली होती. पाट्यावर आदल्या दिवशी काही वाटलं होतं का? मिरची. पाटा खसाखसा धुतला होता. भगुणं कोणतं होतं? पाल्यात दुसरा पाला तर नव्हता आला? भिंतीकडं धोत्रा उगवतो. यंदा उपटला होता का? उपटला होता. पण सगळा उपटला होता का? झाड पडलं तेव्हा तिला वाटलं होतं की हे लोक खोटं बोलतात. आता झाडच नव्हतं, आणि तिला वाटायला लागलं की खरं असेल तर.

दुपारी पल्लवी रानात गेल्यावर तिनं आडव्या पडलेल्या फांद्यांवरून पाला तोडला. तेच भगुणं घेतलं, तोच पाटा. त्या दिवशी केलं तसं सगळं केलं. काढा खाली उतरवला, निवू दिला, आणि ग्यानोबा बघत असताना उभ्यानंच घटाघट पिऊन टाकला. भगुण्यात उरलेला घोटही. कडूजार.

"काय करून राहिलीस?" ग्यानोबा म्हणाला.

"बघून राहिले."

ती बाजेजवळ भुईवर आडवी झाली. ग्यानोबानं वरून हात खाली सोडला. ती बोटं तिला धरू शकत नव्हती, म्हणून तो हात नुसता तिच्या कपाळावर ठेवून राहिला. दिवस कलला. पल्लवी परत आली. पद्माबाईला काही झालं नव्हतं. फक्त तोंड कडू होतं.

पण तेवढ्यानं तिची खात्री झाली नाही. आपण बाई धडधाकट, तो म्हातारा होता. शंका एकदा शिरली की बाहेर निघायला जागा मिळत नव्हती तिला. गावात जाणं तिनं सोडलं. पाल्याला कुणी येत नव्हतं. रस्त्यात समोरून येणारी बाई दुसऱ्या गल्लीत वळायची. आजवर ओंजळीनं फुलं नेणाऱ्या बाया त्या.

दरम्यान आभाळ भरून यायला लागलं. ग्यानोबाच्या वाटणीचा तुकडा अमृतरावांच्या रानाला लागूनच होता, त्यातलं सोयाबीन अजून उभं होतं. पद्माबाई आणि पल्लवी पहाटेच जायच्या आणि शेंगा दवानं ओल्या आहेत तोवर काढायच्या, म्हणजे तडकत नाहीत. बांधापलीकडं अमृतरावांची अर्धी राहिलेली गंजी ताडपत्रीखाली होती. सुतक असलं तरी सोयाबीन थांबत नव्हतं. मोहनसिंगचा पुन्हा नंबर आला, मशीन आली, भुसा उडायला लागला.

त्याच दिवशी गोदाबाई बांधावर आली. मळणीच्या माणसांना पाणी घेऊन आली होती. कळशी खाली ठेवून ती बांधावरच बसली, पद्माबाईच्या बाजूला तोंड करून. पल्लवी लांब होती.

"पद्माबाई."

पद्माबाई काढत राहिली.

"माझ्याकडं बघ की."

"काय बघू, बाई? सांगा, काय चुकलं माझं? पाल्यात काही आलं व्हतं का? चव कशी व्हती? ओकले का लगेच? मला खरं सांगा. मला नीज येईना."

गोदाबाईनं पदर तोंडाला लावला. मशीनच्या आवाजात तिचं बोलणं अर्धं हरवत होतं, म्हणून पद्माबाई विळा घेऊनच तिच्याजवळ सरकली.

"पेलाच न्हाई त्यो," गोदाबाई म्हणाली.

"काय?"

"आबानं पेलाच न्हाई काढा. फुलपात्रात दिला, तर म्हणाला कुणाच्या घरचा? म्या म्हणलं वैद्याचा. म्हणला, खरं सांग. माझ्या तोंडावरच दिसलं असंल. फुलपात्रं भिरकावलं त्यानं. तांब्या बी न्हाणीत ओतायला लावला. तीनदा घासून घेतला माझ्याकडून."

पद्माबाईच्या हातातला विळा तसाच राहिला.

"दोन दिस हिरड्यातून रगत येत व्हतं त्याच्या," गोदाबाई म्हणाली. "अंगावर डाग उठले व्हते. म्या म्हणलं वसमतला न्या, नांदेडला न्या. हे म्हणले, मशीन होऊ द्या."

"मालकाला ठावं हाय? पेला न्हाई ते?"

गोदाबाईनं मान खाली घातली.

"तांब्या त्यायनंच ओतला न्हाणीत."

पद्माबाईला वाटलं होतं की हे ऐकल्यावर हलकं वाटेल. इतके दिवस छातीवर बसलेलं उतरेल. तसं झालं नाही. त्या माणसाला ठाऊक होतं. ठाऊक असून तो भिंत ओलांडून आला. घाव पडत असताना बुंध्याकडं बघत उभा राहिला, आणि म्हणाला, बाप खाल्ला माझा. आणि ती घरी पाटे धूत बसली, धोत्रा आठवत बसली, काढा पिऊन मरण येतं का बघत बसली.

"हे तुमी चार माणसांत सांगाल?" तिनं विचारलं.

गोदाबाईनं कळशीकडं हात नेला.

पद्माबाई उठली. बांध ओलांडला आणि कापलेल्या सोयाबीनच्या खुंटांवरून मशीनकडं चालत निघाली. खुंट चपलेच्या तळातून टोचत होते. मागून पल्लवीनं हाक मारली, ती तिला ऐकू आली नाही. मशीनभोवती पाचसहा माणसं होती. नागोराव दाण्यांची पोती धरत होता. अमृतराव डोईवर टॉवेल टाकून उभे होते. पद्माबाई सरळ त्यांच्यासमोर जाऊन थांबली. ती बोलली ते मशीनच्या आवाजात कुणालाच ऐकू गेलं नाही. तिचं तोंड हलताना तेवढं दिसलं. मोहनसिंगनं तिच्याकडं पाहिलं, आणि हात लांब करून मशीन बंद केली.

आवाज थांबला. भुसा हळूहळू खाली बसायला लागला.

"अमृतराव," ती म्हणाली. आजवर तिनं त्यांना मालक सोडून काही म्हटलं नव्हतं. "आबानं माझा काढा पेला व्हता का?"

"काम चालू हाय इथं."

"पेला व्हता का?"

"ए पद्मा, सुतक हाय घरात. मला बोलायला लावू नको. मोहनसिंग, चालू कर."

मोहनसिंगनं हात कपड्याला पुसले. मशीनकडं गेला नाही. "बाई इचारून राहिली तर सांगा की काका," तो म्हणाला.

अमृतरावांनी टॉवेल काढला, झटकला, पुन्हा डोईवर टाकला. त्यांची नजर पोत्यावर, पट्ट्यावर, आभाळावर, सगळीकडं गेली.

"न्हाई."

हे अमृतराव बोलले नव्हते. बांधावरून मागोमाग आलेली गोदाबाई बोलली होती. तिचा आवाज मोठा नव्हता. "न्हाई पेला. ह्यायनंच ओतून दिला. म्हातारा तापानं गेला. ह्यायनं नेलं न्हाई म्हणून गेला."

अमृतराव तिच्याकडं बघत राहिले. आपल्याच घरातून, आपल्याच बाईच्या तोंडून, गड्यांच्या समोर हे बाहेर पडलं, ह्यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. त्यांचं तोंड उघडं होतं. मारतील असं पद्माबाईला वाटलं, पण ते मारायला उठले नाहीत. पोत्यावर बसले, आणि बसल्या जागी दोन्ही हातांनी टॉवेल तोंडावर धरला. ते रडत होते का, हे पद्माबाईला बघायचं नव्हतं. ती वळली.

निम्म्या वाटेवर मागून पावलं आली. नागोराव होता. लंगडत येत होता. पद्माबाईला वाटलं, आता हा पाया पडेल आणि मग आपण काय करायचं.

"पद्माबाई," तो म्हणाला, "पाला हाय का अजून? बायकोला उठताच येईना. लेकराला घ्यायचं म्हणलं तर रडती."

पद्माबाई त्याच्याकडं बघत राहिली. तिला वाटलं, हसू येतंय. मग कळलं की ते हसू नाही. झाड पडल्यापासून तिच्या डोळ्यातून टिपूस आलं नव्हतं, ते सगळं आता ह्या माणसासमोर, उघड्या रस्त्यावर आलं. नागोराव दोन हात लोंबते सोडून उभा राहिला.

"दारात पडलाय," शेवटी ती म्हणाली. "तुमीच पाडलाय. चला."

अंगणात फांद्या अजून भिंतीवर तशाच होत्या. पानं वाळत आली होती, पण चुरा झाला नव्हता. नागोराव खाली बसून ती तोडायला लागला. त्याची बोटं देठाला चिमटा घेऊ शकत नव्हती, म्हणून तो पानं मुठीनं ओरबाडत होता. दारातून ग्यानोबा बघत होता. पल्लवी रानातून पाठोपाठ आली आणि दारातच थांबली.

"आत्या, ह्याला? ह्याला पाला देऊन राहिल्या तुमी?"

"ह्याच्या बायकोला देऊन राहिले," पद्माबाई म्हणाली. तिनं पदरानं तोंड पुसलं. त्याच्यासमोर बसून तिनं एक फांदी मांडीवर ओढली आणि पानं खुडायला घेतली, नीट, देठापासून. "आणि तू हातपाय धू. साडी बदल. मोबाइलमधी समदं हाय न तुझ्या?"

"हाय."

"मंग कुरुंद्याच्या ठाण्यात जाऊन येऊ. तक्रार द्यायची. अमृतरावाचं नाव सांगायचं. ह्याचं बी सांगायचं. कुऱ्हाड ह्याच्या हातात व्हती."

नागोरावाचे हात थांबले. त्यानं वर पाहिलं. ग्यानोबाकडं पाहिलं, पल्लवीकडं पाहिलं, कुणीतरी ही गंमत आहे असं म्हणेल म्हणून. कुणी म्हणालं नाही. त्याच्या मांडीवरच्या उपरण्यात ओंजळभर पाला होता. ठेवावा की घ्यावा हे त्याला कळेना.

पद्माबाईनं तिच्या खुडलेल्या पानांची मूठ त्यात टाकली. ह्या वेळी हात वर धरला नाही. उपरण्याला लागला, त्याच्या मनगटाला लागला.

"निम्मं पाणी आटवायचं," ती म्हणाली. "आणि ताप असंल तर वसमतला ने तिला. आजच ने."

हळदीच्या रानावरून पावसाचा वास आला. पल्लवी आत गेली आणि ट्रंकेतून सासूची धुतलेली साडीही काढून ठेवली.